ताणाखालची पेशी आणि पाहणाऱ्याचा उजेड

फेरुच्चो रिटोसा या इटालियन जनुकशास्त्रज्ञाने १९६२ साली एक छोटा लेख छापून आणला. तो फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी तपासत असे. केळी जास्त पिकली की घरात घोंघावणारी जी चिलटं, त्याच जातकुळीची ही माशी. तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी अवाढव्य असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांचे पट्टे दिसतात, आणि जिथलं जनुक कामाला लागलेलं असतं तिथे गुणसूत्र फुगलेलं असतं. एकदा रिटोसाला नेहमीच्या जागा सोडून भलतीकडेच फुगवटे दिसले. चौकशी केल्यावर कळलं, की प्रयोगशाळेतल्या कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं. मग त्याने मुद्दाम उष्णता देऊन पाहिली. दोन-तीन मिनिटांत तेच फुगवटे उठले. श्वसनातून मिळणारी ऊर्जा साठवू न देणारं डायनायट्रोफिनॉल दिलं, तरी तेच. म्हणजे पेशी केवळ उष्णतेला उत्तर देत नव्हती, संकट आलं की ती एक ठरलेली यंत्रणा चालू करत होती. एका नामांकित नियतकालिकाने हा लेख बिनमहत्त्वाचा म्हणून परत केला होता.

पेशीच्या ताणाचं शास्त्र उभं राहिलं ते या निरीक्षणावर. या फुगवट्यांतल्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं १९७४ मध्ये सापडली. त्यांना आज हीट शॉक प्रथिनं म्हणतात. आपल्याकडे सुभाष लाखोटिया यांनी १९७० मध्ये दाखवलं की बेन्झामाइड दिलं तर या फुगवट्यांपैकी एकच उठतो. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी त्या एका जनुकाचा अनेक दशकं पाठपुरावा केला. त्या जनुकापासून प्रथिन बनतच नाही, नुसता आरएनए बनतो, आणि तो केंद्रकातल्या अनेक प्रथिनांना धरून ठेवण्याचं काम करतो.

हे सगळं पाहिलं गेलं ते मात्र मारलेल्या पेशीत. ग्रंथी काढायची, रसायनात घट्ट करायची, काचपट्टीवर दाबून पसरायची आणि मग बघायचं. जी प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत ती मोजायची तर लाखो पेशी एकत्र वाटायच्या आणि त्या रसात प्रथिन किती आहे ते पाहायचं. दर तासाला वेगळी बशी मारली की आलेख तयार होतो. जीवशास्त्राचं अर्धशतक या पद्धतीवर उभं आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ताण ही घडत जाणारी गोष्ट आहे. एखादी पेशी दहाव्या मिनिटाला काय करत होती आणि तीच पेशी दहाव्या तासाला जगली की मेली, हा प्रश्न मारलेल्या पेशीला विचारता येत नाही.

तो विचारायची सोय ज्या प्रथिनामुळे झाली त्याची गोष्टही १९६२ सालीच सुरू होते, हा योगायोग. ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जेलीफिश गोळा करून त्यातला निळा उजेड देणारा पदार्थ वेगळा करत होते. त्या लेखात त्यांनी सोबत सापडलेल्या एका हिरव्या प्रथिनाची जाता जाता नोंद केली. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचं जनुक मिळवलं, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत चमकवून दाखवलं, आणि रॉजर त्सिएन यांनी त्यात फेरफार करून रंगांची अख्खी पेटीच तयार केली. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे हिरवं प्रथिन, जीएफपी, हव्या त्या प्रथिनाला जनुकाच्या पातळीवर जोडता येतं. निळा प्रकाश टाकला की ते हिरवं दिसतं, आणि जोडीदार प्रथिन पेशीत कुठे आहे, किती आहे, कुठून कुठे चाललं आहे, हे पेशी जिवंत असताना कळतं.

या साधनाने सगळ्यात मोठा धक्का कुठे दिला असेल, तर पी-५३ या प्रथिनाच्या बाबतीत. डीएनए तुटला की पेशीत पी-५३ वाढतं. ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीची जनुकं चालू करतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत हे जनुक बिघडलेलं आढळतं. पेशी वाटून केलेल्या मोजमापांत असं दिसायचं की किरणोत्सार दिल्यावर पी-५३ वाढतं, कमी होतं, पुन्हा थोडं वाढतं आणि हळूहळू शांत होतं. किरणोत्सार जास्त तर वाढही जास्त. सरळ हिशेब.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उरी अलोन यांच्या प्रयोगशाळेत गलित लाहाव आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगापासून बनलेल्या एमसीएफ-७ या पेशींत पी-५३ ला एक रंग जोडला, त्याला आवर घालणाऱ्या एमडीएम-२ या प्रथिनाला दुसरा, आणि गॅमा किरण देऊन एकेका पेशीचं चित्रण केलं. २००४ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनी सरळ हिशेब मोडला. एकेकट्या पेशीत पी-५३ हळूहळू शांत होतच नव्हतं. ते ठरावीक उंचीच्या लाटांनी येत होतं. किरणोत्सार वाढवला तर लाट उंच होत नव्हती, लांबत नव्हती. फक्त जास्त पेशींत जास्त लाटा येत होत्या. त्याच गटाने पुढे कित्येक दिवस चित्रण केलं, तेव्हा साडेपाच तासांच्या आसपासच्या अंतराने लाटा येतच राहिलेल्या दिसल्या. मग सरासरीत त्या विरलेल्या का दिसायच्या? कीर्तनात टाळ्यांचा ठेका सुरुवातीला एक असतो, नंतर ज्याचा त्याचा वेग वेगळा पडतो आणि देवळाबाहेर उभ्या असलेल्याला नुसता गलका ऐकू येतो. टाळी मात्र प्रत्येकजण वाजवतच असतो. तसं हे.

बरं, लाटा असल्या काय आणि सलग पातळी असली काय, पेशीला त्याने फरक पडतो का? पडतो. लाहाव यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१२ मध्ये नटलिन हे औषध अशा हिशेबाने वेळेवर दिलं की पी-५३ ची लाट ओसरू नये, पातळी टिकून राहावी. ज्या पेशींत लाटा आल्या त्यातल्या बऱ्याच सावरून पुन्हा विभाजनाला लागल्या. ज्यांत पातळी टिकली त्या कायमच्या विभाजन सोडून बसल्या. प्रथिन तेच, पेशी त्याच; फक्त प्रथिन वेळेत कसं वाढतं-ओसरतं ते बदललं आणि निकाल बदलला. अतिनील किरणांनी डीएनएला वेगळ्या प्रकारची इजा होते, तेव्हा लाटांऐवजी एकच मोठी लाट येते आणि ती मात्र मात्रेनुसार वाढते. म्हणजे कोणतं संकट आलं आहे, हे पेशी वेळेच्या भाषेत नोंदवते. जिवंत चित्रणाने जीवशास्त्राला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मी हीच मानतो.

असाच प्रकार यीस्टमध्ये २००८ मध्ये मायकेल एलोविट्झ यांच्या गटाला दिसला. भोवती कॅल्शियम वाढलं की सीआरझेड-१ हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि थोड्या वेळात बाहेर येतं. कॅल्शियम जास्त झालं तर ते आत जास्त वेळ थांबत नाही, जास्त वेळा जातं. दाहाच्या संदेशांना उत्तर देणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिनही सुमारे १०० मिनिटांच्या अंतराने आत-बाहेर करतं.

पुढचा प्रश्न जगण्या-मरण्याचा. एकाच बशीतल्या, एकाच जनुकांच्या पेशींना एकच औषध दिलं तर काही मरतात, काही वाचतात. का? २००९ मध्ये सब्रिना स्पेन्सर, पीटर सॉर्गर आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच विभागून झालेल्या भगिनी पेशी पाहिल्या. जन्मानंतर लगेच औषध दिलं तर दोघी जवळपास एकाच वेळी मरतात. उशिरा दिलं तर त्यांची वाट वेगळी होत जाते. दोघींना आईकडून सारखाच प्रथिनांचा साठा मिळतो आणि वेळ जाईल तसा तो वेगळा होतो. फरक जनुकांत नव्हता, साठ्यात होता.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट क्षयरोगाची. आयसोनायझिड हे क्षयाचं जुनं आणि मुख्य औषध, पण ते दिल्या रूपात काम करत नाही; जिवाणूचंच कॅट-जी हे विकर त्याला विषारी रूपात बदलतं. औषध सुरू असूनही काही जिवाणू तगून राहतात, आणि पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं की ते वाढ थांबवून झोपलेले असतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जॉन मकिनी यांच्या गटाने क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भावंडाला बारीक नळ्यांच्या चिपमध्ये ठेवलं, औषध वाहतं ठेवलं आणि एकेका जिवाणूवर नजर ठेवली. २०१३ च्या त्या लेखात दिसतं ते वेगळंच: कोण तगणार याचा वाढीच्या वेगाशी संबंध नव्हता. जिवाणू कॅट-जी अधूनमधून, लहान लहान हप्त्यांत बनवत होते. ज्याचे हप्ते वारंवार आले तो मेला, ज्याचे विरळ आले तो तगला. तगलेल्यांची संख्या स्थिर दिसत होती तेव्हाही आत काही विभागत होते, काही मरत होते. कॉलनी मोजून हे कधीच कळलं नसतं. अर्थात भावंडात दिसलं ते माणसाच्या फुप्फुसातल्या क्षयजंतूत जसंच्या तसं असेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

चित्रण म्हटलं की चमकणारी प्रथिनं डोळ्यांसमोर येतात, पण प्रत्येक वेळी त्यांची गरज नसते. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये टोकियोत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहिलं. पेशी उपाशी राहिली की स्वतःचाच ऐवज तोडून खाते, हे माहीत होतं; ते तोडणं होतं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या एका पिशवीसारख्या कप्प्यात. ओसुमींनी रिक्तिकेतली पाचक विकरं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. आत ओढलेला माल पचेना, तेव्हा रिक्तिका गोल गोल पिशव्यांनी भरत गेली आणि त्या पिशव्या आत थरथरत, धडकत फिरताना दिसू लागल्या. स्वभक्षणाच्या जनुकांचा सगळा शोध त्या दृश्यातून निघाला आणि २०१६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. महागड्या यंत्राशिवाय झालेलं हे काम मला या क्षेत्रातलं सर्वांत देखणं वाटतं. प्रश्न नेमका होता आणि पेशी निवडण्यात अक्कल होती.

ताणकणांची गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. पेशीला आर्सेनाइट दिलं किंवा उष्णता दिली की ती नवी प्रथिनं बनवणं आवरतं घेते, आणि थांबलेले संदेशवाहक आरएनए काही प्रथिनांसह पेशीद्रवात कण करून बसतात; हेच ताणकण. नॅन्सी केडर्शा आणि पॉल अँडरसन यांनी १९९९ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींत हे उलगडून दाखवलं. कणातल्या एका भागावर लेझर मारून तिथली चमक घालवायची आणि ती परत किती वेळात भरून येते ते पाहायचं, अशी एक पद्धत आहे. काही सेकंदांत चमक परत येते, म्हणजे कणातली प्रथिनं जागच्या जागी बसलेली नाहीत, ती सतत ये-जा करत आहेत. २००९ मध्ये कृमीच्या अंड्यातले असेच कण द्रवाच्या थेंबांसारखे वाहतात, एकमेकांत मिसळतात, असं क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी दाखवलं आणि मग जणू पेशीत जिकडेतिकडे थेंबच दिसू लागले. फ्यूस या प्रथिनाचे थेंब काळानुसार घट्ट होऊन तंतू बनतात आणि एएलएस या मज्जाविकाराच्या रुग्णांत सापडलेल्या उत्परिवर्तनाने हे लवकर घडतं, असं २०१५ मध्ये दिसलं. यातून आशा वाढल्या, त्या रास्तही आहेत. पण कण गोल आहे आणि चमक लवकर भरते, एवढ्यावर तो द्रव आहे असं ठरवणं घाईचं आहे. रॉबर्ट जान आणि झेवियर डारझाक यांच्या गटाने २०१९ मध्ये आधीचे पुरावे तपासून हेच बजावलं. त्यात आणखी एक अडचण: ताणकणांतलं जी३बीपी हे प्रथिन पेशीत नुसतं जास्त प्रमाणात बनवलं तरी ताण नसताना कण तयार होतात. म्हणजे चमकतं प्रथिन भरपूर घालून काढलेल्या चित्रफितीत आपण ताण पाहतोय की भरणा, हा प्रश्न राहतोच.

बशीतल्या पेशींपेक्षा अख्ख्या जिवात चित्रण केलं की गोष्टीला संदर्भ येतो. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-शेततळ्यांतला मासा. त्याचं पिल्लू पारदर्शक असतं. २००९ मध्ये फिलिप निथॅमर यांनी त्याच्या शेपटीला छोटी चीर दिली. हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं की रंग बदलणारं हायपर नावाचं प्रथिन त्याच्या पेशींत होतं. काही मिनिटांतच जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढलं, आत पसरलं, आणि पांढऱ्या पेशी पोचल्या त्या नंतर. तोवर समज असा की पेरॉक्साइड पांढऱ्या पेशीच सोडतात. इथे ते त्यांना बोलावत होतं. वनस्पतींतही मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांनी २०१८ मध्ये सुरवंटाने पान कुरतडल्यावर कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांत जाताना दाखवली. ती लाट ग्लुटामेटने सुरू होते, तेच जे आपल्या मेंदूत संदेश देतं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली अडचण. पेशीचा ताण पाहायला तिच्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि प्रकाश हा स्वतःच ताण आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा चित्रणानेच दिला. यीस्टमध्ये एमएसएन-२ नावाचं प्रथिन कोणताही ताण आला की पेशीद्रवातून केंद्रकात जातं. २००३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांना दिसलं, की काहीच दिलेलं नसतानाही हे प्रथिन केंद्रकात शिरतंय, आणि मध्यम ताण असेल तर आत-बाहेर हेलकावेही खातंय. ताण कशाचा, तर सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याचा. त्यांनी हे लपवलं नाही. उलट प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त करून हेलकावे कसे बदलतात तेच मांडलं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

आकडे पाहिले तर नवल वाटू नये. भर दुपारचं ऊन चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१ वॅट असतं. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या लेझरच्या टोकाशी तीच तीव्रता हजारो वॅट किंवा त्याहून जास्त असते, एका बिंदूवर क्षणभरच असली तरी. निळा प्रकाश अधिक वाईट. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यातलं राइबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, निळा प्रकाश शोषून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. मग ऑक्सिडीकारक ताण मोजायला बसलेला संशोधक स्वतःच तो ताण बशीत ओतत असतो. पेशी लगेच मरत नाहीत, त्यामुळे फसगत होते. विभाजन लांबतं, तंतुकणिकांचे तुकडे होतात, पेशीची हालचाल मंदावते. रंगाची चमक उडाली नाही म्हणजे पेशीला काही झालं नाही, हा समज चुकीचा आहे. चमक शाबूत असतानाही पेशी बिघडलेली असू शकते.

मोजणाऱ्या प्रथिनांचीही खोड असते. हायपर आम्लतेलाही प्रतिसाद देतं, आणि ताणात पेशीची आम्लता बदलतेच. म्हणून पेरॉक्साइडला न जुमानणारं पण आम्लतेला तसंच उत्तर देणारं जुळं प्रथिन सोबत ठेवावं लागतं. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते: तेल लावलेली भिंग-नळी काचेला चिकटलेली असते आणि ती खोलीच्या तापमानाला असेल तर नेमक्या पाहायच्या जागेची उष्णता ओढून घेते. पडद्यावर ३७ अंश, पेशीपाशी कमी. ऑक्सिजनचंही तसंच, बशीतली पेशी हवेइतक्या ऑक्सिजनमध्ये राहते, शरीरातल्या ऊतींत तो त्याहून कितीतरी कमी असतो. तुलना करायची ती ‘निवांत’ पेशीशी, पण तीच निवांत नसते.

शिवाय पेशी कुठली? एमसीएफ-७ हे नाव एक असलं तरी २०१८ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रॉड संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले तिचे २७ वाण तपासले, तेव्हा जनुकांत फरक निघाले आणि जी रसायनं एका वाणाला आवरतात त्यातली बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी वाणावर चाललीच नाहीत. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये पेशी-वाणांचं राष्ट्रीय भांडार आहे आणि देशभरच्या प्रयोगशाळा तिथून वाण मागवतात. तो मागवायला खर्च फार नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून नळी उचलून आणणं मात्र त्याहून सोपं, आणि घोळ तिथेच होतो.

उपाय निघत आहेत. जनुक-संपादनाने पेशीच्या स्वतःच्या जनुकालाच रंग जोडला की प्रथिनाचा भरणा होत नाही. २००४ मध्ये हायडेलबर्गला यान हुइस्केन आणि एर्न्स्ट श्टेल्झर यांनी मांडलेल्या प्रकाश-पातळीच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश बाजूने, पातळ पापुद्र्यासारखा जातो. जो थर पाहायचा तेवढाच उजळतो, बाकीचा जीव अंधारात राहतो. विकासाचं कित्येक तासांचं चित्रण त्याने शक्य झालं. तांबड्या रंगाची प्रथिनं वापरली की निळ्या प्रकाशाची गरज कमी होते. सेलपोझ, स्टारडिस्ट अशी फुकट मिळणारी संगणकीय साधनं हजारो पेशींच्या कडा आपोआप आखतात; एरवी या कामात संशोधक विद्यार्थ्यांचे महिने जायचे. अंधुक चित्र शिकवलेल्या संगणकाकडून स्वच्छ करून घेतलं की प्रकाशही कमी लागतो. इथे मात्र सावध राहायला हवं. संगणक आधी पाहिलेल्या चित्रांवरून गाळलेल्या जागा भरतो, आणि ताणाखालची पेशी बहुधा त्याने आधी पाहिलेल्या पेशीसारखी नसते.

या क्षेत्रातल्या लेखांत यंत्राचं नाव, भिंगाचा क्रमांक, कॅमेऱ्याचं मॉडेल सगळं छापलेलं असतं. पेशीवर एकूण किती प्रकाश पडला, आणि तशीच एक बशी अंधारात ठेवून शेवटी त्या दोन्हींतल्या पेशींची तुलना केली का, हे पुष्कळदा नसतं. ताणाच्या अभ्यासात ही दोन वाक्यं नसतील तर चित्रफीत कितीही सुंदर असो, तिला पुरावा म्हणू नये. नियतकालिकांनी ती सक्तीची करावीत. आणि चमकत्या पेशींची पुढची बातमी वाचाल तेव्हा वाचकहो, अंधारातल्या त्या बशीचं काय झालं, एवढं जरूर विचारा.